बंक बेड जोडायचाय? पाना सगळ्यात शेवटी

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो. त्यामुळे नातवंडांचा लोखंडी बंक बेड खोक्यांतून घरी आला, तेव्हा जोडायला माणूस बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. याआधी लेकीकडे असाच एक जोडला होता आणि तिथे सपशेल तोंडावर आपटलो होतो. तो किस्सा पुढे येईलच.

खोकं फोडण्याआधी वर बघा. आमची खोली दहा बाय दहा, पंखा बरोबर मध्यभागी. पंख्याचा घेर चार फूट, म्हणजे पातं मधून दोन फूट बाहेर येतं आणि भिंतीपासून तीन फुटांवर पोचतं. पलंग सव्वातीन फूट रुंद. भिंतीला चिकटवला तरी पातं काठावर तीन इंच येणारच. उंचीचा हिशेब असा: वरची फ्रेम पाच फुटांवर, गादी चार इंच, बसलेलं पोर अडीच फूट, झाले जवळजवळ आठ. पातं सव्वाआठ फुटांवर. पोराने आळस दिला की हात पात्यात. मी छताचा पंखा उतरवून भिंतीवरचा लावून घेतला, मगच खोकं उघडलं.

पुठ्ठे फेकू नका, जमिनीवर अंथरा. फरशीही वाचते आणि पाइपाचा रंगही. नट-बोल्ट जाडी-लांबीप्रमाणे वाट्यांत वेगळे करा आणि कागदावरच्या यादीशी मोजून घ्या. आमच्यात दोन वायसर कमी निघाले. ते आधीच कळलं म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणता आले. सोबत येणारी एल-की चालते, पण 6 मिलिमीटरच्या षटकोनी बोल्टला 10 नंबरचा आणि 8 ला 13 नंबरचा पाना हाताशी असेल तर मनगट वाचतं. ड्रिल मशीनने बोल्ट फिरवू नका. आटे कधी गेले ते कळतही नाही.

बोल्ट लावताना आधी उलटा फिरवायचा. टक् करून आटा आट्यात बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा. डोक्याखाली पहिला स्प्रिंग वायसर, मग सपाट वायसर, मग पाइप. आणि हे सगळं फक्त बोटांनी, दोन-तीन आटे धरतील इतकंच.

लेकीकडे मी इथेच चुकलो. नेटका माणूस म्हणून एकेक बोल्ट लावला की लगेच करकचून आवळत गेलो. शेवटच्या भोकाशी आलो तर दोन सूत फरक! बोल्ट जाईना. दोन तासांचं काम उलगडून पुन्हा मांडलं. बसच्या चाकाचे नट आधी सगळे हाताने लावायचे आणि मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे, हे मी किती पोरांना शिकवलं असेल. घरी आल्यावर मात्र विसरलो.

तर खालच्या मजल्याची दोन टोकं उभी करा आणि लांब पाइप जोडा. आता फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. आमचा एक 87 इंच भरला, दुसरा अर्धा इंच जास्त. जास्त भरलेल्या कर्णाचे कोपरे एकमेकांकडे दाबले की फ्रेम गुण्यात, म्हणजे काटकोनात, येते. मग वरची टोकं पिनांवर बसवा. इथे दोन माणसं हवीतच. सूनबाईंनी एक बाजू धरली, मी दुसरी. वरचे लांब पाइपही हातानेच लावायचे. आता पलंग जागेवर सरकवा, पाणसळ ठेवा. आमच्या फरशीला बाल्कनीकडे उतार आहे, म्हणून त्या बाजूच्या दोन पायांखाली रबराच्या चकत्या घातल्या. हे झाल्यावर पाना हातात घ्या आणि एका कोपऱ्यानंतर त्याच्या समोरचा, असे दोन फेऱ्यांत आवळा.

कठडा दोन्ही बाजूंना लावा, भिंतीकडचासुद्धा. पोरं भिंत आणि पलंगाच्या फटीतही अडकतात. अमेरिकेच्या नियमात कठडा गादीच्या वर किमान 5 इंच हवा, फटी साडेतीन इंचांहून मोठ्या नकोत आणि सहा वर्षांखालच्या मुलाने वर झोपायचं नाही. आमचा कठडा फ्रेमपासून दहा इंच. हिला गादीवाल्याकडून सहा इंची कापसाची गादी भरून घ्यायची होती, ती मी चार इंचांवर आणली. धाकटा पाच वर्षांचा, तो खाली. त्यावरून अजून रुसवा चालू आहे.

शिडीचे आकडे नीट अडकलेत ना, हे आधी स्वतः भार देऊन बघा. कूस बदलताना कुरकुर आली तर पट्टी पाइपाला टेकते तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. रंग खरवडला असेल तर लगेच झाका, पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. सूनबाईंची नेलपॉलिश लहान ओरखड्यांना छान चालली. गुलाबी ठिपके दिसतात, दिसू देत.

पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा बघायचे. पोरं उड्या मारतात, बोल्ट ढिले होतातच. म्हणून एल-की खालच्या पाइपाला आतून चिकटपट्टीने चिकटवून ठेवली आहे.