कार्बोरेटर धुवून झाला, आता जोडताना फ्लोटपाशी थांबा

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी गणपतीच्या आधी काढावी, तर किक मारून पाय दुखतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि ठाण्याच्या हवेत तो काही कमी नसतो. मग कार्बोरेटर काढणं, धुणं, हवा मारणं आलंच. तिथपर्यंत बहुतेकांना जमतं, घोळ होतो तो जोडताना. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं, त्यामुळे हे सगळं त्याआधीच्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी.

रबरापासून सुरुवात करा. कार्ब क्लीनर लागलेली ओ-रिंग किंवा वाटीचं (कार्बच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या भांड्याचं) गॅस्केट फुगतं आणि खाचेत बसत नाही. दाबून बसवू नका. रात्रभर वाऱ्यावर ठेवा, बऱ्याचदा पूर्ववत होतं. नाही झालं तर स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून किट आणा, पण जुनी रिंग सोबत घेऊन जा. गाडीचं नुसतं नाव सांगितलं तर जवळपासच्या मापाचं काहीतरी हातात पडतं.

मेन जेट आणि पायलट जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे स्क्रू) बोटांनी आटे लावून मग हलकेच घट्ट करा. पितळ आहे, ताकद दाखवायची जागा नाही.

हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर आणि टोकाकडे ओ-रिंग येते. तो अलगद टेकेपर्यंत आत घ्या आणि काढताना जेवढे फेरे मोजले होते तेवढे मागे फिरवा. मोजलेच नसतील तर मॅन्युअल बघा. “दीड फेरा, सगळ्या गाड्यांना चालतं” म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा तुकडा. वाटी भरली की तो वर येतो, त्याची जीभ (छोटी पट्टी) सुईला दाबते आणि पेट्रोल येणं थांबतं. इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे.

व्हिडिओत माणूस कार्ब उलटा धरतो, फ्लोटची उंची मोजतो, “जीभ थोडी वाकवा” म्हणतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं. उंची मॅन्युअलपेक्षा कमी दिसली, म्हणून जीभ वाकवून माप बरोबर आणलं. गाडी माजिवड्यापर्यंत झकास गेली. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर पूर्ण थ्रॉटल दिला आणि ती खोकून बसली, कारण वाटीत पेट्रोलच पुरेसं नव्हतं. घरी येऊन रागारागात जीभ अंदाजाने उलटी वाकवली. सकाळी आमच्या नौपाड्याच्या सोसायटीचा वॉचमन दारात: “साहेब, गाडीखाली पेट्रोल आहे.” डिपस्टिक काढली तर ऑइललाही पेट्रोलचा वास. ऑइल बदलल्याशिवाय किकला हात लावला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही लावू नका, पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंगचं वंगण राहत नाही.

चूक जीभ वाकवण्यात नव्हती, मोजण्यात होती. बऱ्याच कार्बमध्ये फ्लोटच्या सुईच्या डोक्यावर स्प्रिंगवर बसलेली बारीक पिन असते. कार्ब पूर्ण उलटा धरला की फ्लोटचं वजन ती पिन दाबतं, फ्लोट आणखी खाली बसतो आणि उंची खोटी कमी दिसते. म्हणून कार्ब आडवा करा, मग हळूहळू तिरका करत जा. जीभ पिनला नुसती टेकली, पण पिन दबली नाही, तिथे थांबून गॅस्केट काढलेल्या कडेपासून मोजा. किती मिलिमीटर, ते फक्त तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल सांगेल. शेजाऱ्याच्या गाडीचं माप तुमच्या कामाचं नाही.

जीभ सुईकडे वाकवली की पेट्रोलची पातळी खाली जाते, उलट वाकवली की वर. वाकवायची असेल तर फ्लोट बाहेर काढून वाकवा. सुई जागेवर ठेवून दाब दिलात तर तिच्या रबरी टोकावर वळ उमटतो आणि मग ती कधीच नीट बंद होत नाही. टोकावर आधीच गोल वळ दिसत असेल तर सुई फेकून द्या, माप घेत बसू नका. जीभ प्लास्टिकची असेल तर वाकवण्याचा विषयच नाही, माप चुकलं तर फ्लोट किंवा सुई बदला. पोकळ फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तोही गेला.

सुईची तार जिभेत अडकवून दोन्ही एकत्रच खाली सोडा. फ्लोट ज्यावर झुलतो ती आडवी पिन हाताने सरकते. अडली तर ज्या बाजूने काढली होती त्या बाजूने घाला. हातोडी मारलीत की अॅल्युमिनियमचा खांब तुटतो आणि अख्खी बॉडी भंगारात जाते. मग पेट्रोलच्या नळीतून तोंडाने हलकी फुंक मारा. कार्ब उलटा असताना हवा अडली पाहिजे, सरळ केल्यावर गेली पाहिजे.

वाटी लावा, स्क्रू आलटून पालटून आवळा.

सरकत्या स्लाइडच्या कार्बमध्ये स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे येतो आणि खाच बॉडीतल्या पिनवर बसते. उलटी बसली तर इंजिन सुरू होताच किंचाळतं, म्हणून पहिल्या किकच्या वेळी एक हात किल्लीवर ठेवा. स्लाइडमधल्या लांब सुईची (फ्लोटची सुई वेगळी) क्लिप होती त्याच खाचेत हवी.

गाडीवर चढवल्यावर खरी पातळी बघायची. गाडी सरळ उभी करा, वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती बाजूने वर धरा, पेट्रोलचा कॉक चालू करा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. नळीतलं पेट्रोल जिथे थांबेल तीच वाटीतली पातळी. हे काम मोकळ्या हवेत करा, विडी ओढणाऱ्या मित्राला लांब पाठवून.

आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, स्टँडवर थंड इंजिनाने लावू नका. उपवनला एक चक्कर मारून गाडी गरम करा, मग आयडलचा स्क्रू फिरवा. तीन हात नाक्याचा सिग्नल सुटेपर्यंत इंजिन बंद पडलं नाही, तर स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा. घरी आल्यावर गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाका, कॉक चालू ठेवून अर्धा तास तिथेच थांबा. डाग दिसला तर पुन्हा फ्लोट.