गोचीडजन्य आजारांसाठी सरकारी निधी मागताय? या चुका टाळा

गोचीड चावून होणाऱ्या आजारांचं एक दुष्टचक्र आहे. पेशंटची नोंद कमी होते म्हणून पैसे कमी मिळतात, पैसे कमी म्हणून तपासण्या कमी, आणि तपासण्या कमी झाल्या की पुढच्या वर्षी पेशंट आणखीच कमी दिसतात. तुम्ही आरोग्य खात्यात असा, संशोधन करत असा किंवा पेशंटच्या बाजूने पाठपुरावा करत असा, प्रस्ताव लिहिताना बहुतेक चुका याच चक्रामुळे होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नोंदलेला आकडा हाच आजाराचा आकडा धरणं. अमेरिकेतल्या लाइम रोगाचं, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या एका जिवाणूजन्य आजाराचं बघा. २०१७ ते २०१९ मध्ये तिथे वर्षाला सरासरी ३७ हजारांच्या आसपास केसेस नोंदल्या जायच्या, पण विम्याच्या क्लेमवरून काढलेला सीडीसीचा, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज सांगतो की लाइमसाठी उपचार घेणारे वर्षाला ४ लाख ७६ हजारांच्या घरात आहेत. कुठे ३७ हजार आणि कुठे पावणेपाच लाख! म्हणून फक्त मोठा आकडाच टाकायचा का, तर तसंही करू नका, कारण नुसत्या संशयावर औषध दिलेले लोकही त्यात येतात आणि समोरचा अधिकारी नेमकं तिथेच बोट ठेवतो. दोन्ही आकडे द्या आणि कुठला कसा काढलाय ते शेजारीच लिहा.

याच्याच जवळची दुसरी चूक म्हणजे मोजायची पद्धत बदलली तरी आलेखाची रेघ सरळ पुढे ओढत नेणं. २०२२ मध्ये अमेरिकेत लाइमच्या ६२,५५१ केसेस नोंदल्या गेल्या, आधीच्या त्या सरासरीच्या १.७ पट. आजार एकदम भडकला असं वाटतं, पण त्याच वर्षापासून जास्त प्रादुर्भाव असलेल्या राज्यांत फक्त लॅब रिपोर्टवरून केस धरायला सुरुवात झाली होती. अशा वर्षावर आलेखात एक उभी रेघ मारा आणि खाली कारण लिहा. उलट आकडा अचानक घसरला असेल तर खूश व्हायच्या आधी बघा की त्या वर्षी टेस्ट किती झाल्या, किट मध्येच संपले होते का, फील्डवरचं पद रिकामं होतं का.

मंजूर झालेले पैसे हातात आले असं समजू नका. अमेरिकेच्या माजी सिनेटर के हेगन यांचं ऑक्टोबर २०१९ मध्ये निधन झालं, गोचिडांतून पसरणाऱ्या पोवासान विषाणूमुळे झालेल्या गुंतागुंतीने, आणि त्यांच्या नावाचा टिक (म्हणजे गोचीड) कायदा त्याच डिसेंबरमध्ये आला. पण कायद्यात रक्कम लिहिली म्हणजे ती खर्च करायची नुसती परवानगी मिळते, खरे पैसे दरवर्षीच्या तरतुदीतूनच सुटतात. म्हणजे कायदा झाला तरी पाठपुरावा दरवर्षी करावाच लागतो.

आता फील्डचं, कारण बजेट खरं इथेच चुकतं. गोचीड गोळा करायला मीटरभर लांबरुंद पांढरं फ्लॅनेलचं कापड घेतात, पुढच्या कडेला काठी, काठीला दोरी, आणि ते गवतावरून, पालापाचोळ्यावरून सावकाश ओढत न्यायचं, दर दहा-वीस मीटरला थांबून उलटून बघायचं. निम्फ अवस्थेतले, म्हणजे पूर्ण वाढ न झालेले गोचीड जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढे असतात, ते चिमट्याने उचलून कुपीत टाकायचे आणि कुपीवर तारीख-ठिकाण घालायचं. गवत ओलं असलं की कापड भिजतं आणि दिवस वाया जातो. हे सगळं माणूसच करतो, तरी प्रस्तावात विषाणू-जिवाणू तपासायचं पीसीआर मशीन असतं आणि त्या माणसाचा पगार, गाडीचं इंधन नसतं! आणि एकही गोचीड मिळाला नाही तिथे शून्य लिहा, किती मीटर कापड ओढलं तेही लिहा, नाहीतर 'इथे गोचीड नाहीत' आणि 'इथे कोणी बघितलंच नाही' हे कागदावर सारखंच दिसतं.

जनावरांना विसरू नका. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, आसपासची माणसंही तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही), त्याचा विषाणू शोधून काढला. गोचिडांतून पसरणारा तोच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. मेलेलं माकड हा आपल्याला मिळणारा सगळ्यात लवकरचा इशारा आहे, पण ते दिसतं वनरक्षकाला, सॅम्पल घ्यायचं पशुवैद्यकाने आणि पैसे आरोग्याच्या खात्यात. तिन्ही खात्यांचा खर्च एकाच प्रस्तावात दाखवा. आणि कॅलेंडर बघा, या आजाराचा सीझन साधारण डिसेंबर ते मे, त्याच्या मध्येच आर्थिक वर्ष संपवणारा ३१ मार्च येतो. तेव्हा किट आणि गोचीड चावू नयेत म्हणून अंगाला लावायचं तेल यांची खरेदी दिवाळीच्या आधीच पूर्ण होईल अशी मागणी करा, आणि एप्रिल-मे साठी वेगळी सोय लिहून घ्या.

चांगल्या टेस्टच्या संशोधनासाठी पैसे मागायचंही बऱ्याचदा राहून जातं. लाइमच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीरात अँटिबॉडी पुरेशा तयार झालेल्या नसतात, टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते आणि तो पेशंट नोंदीतूनच गळतो, म्हणून हा खर्च सर्वेक्षणाच्याच रकान्यात धरा.