बायपास सोडा, काच खाली करू नका, खाली उतरा: रस्त्यातली भन्नाट गावं शोधायची कशी

टायरची हवा, पाणी, पॉवरबँक, गोळ्या हे सगळं तुम्हाला कळतं, त्यात वेळ घालवत नाही. रील सेव्ह करून, तिथंच जाऊन, तसाच फोटो काढायचा असेल तर त्यालाही माझी ना नाही, फक्त त्याला शोधणं म्हणू नका.

पायरी १. बायपास सोडा. मुंबई-गोवा हायवे आता झारापकडून सावंतवाडीला बाहेरच्या बाहेर टाळून जातो आणि पब्लिक तसंच सुसाट पुढं गोव्यात. अरे, आत मोती तलावाशेजारी राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते हातानं रंगवत बसलेले कलाकार दिसतात! अर्धा तास जास्त लागेल, लागू दे.

पायरी २. आळ्यांची नावं वाचा. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा. सावंतवाडीत लाकडी खेळणी पाहिजेत तर चितार आळी. गाव काय करत होतं ते पाटीवरच लिहिलेलं असतं. मॅपमध्ये शोधताना देवनागरीत टाइप करा, बरंच काही वेगळं वर येतं.

पायरी ३. विचारणं. इथंच सगळ्यांची गाडी अडते, माझी तर कित्येक वर्षं अडली. साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्यावर मी एका काकांना विचारलं होतं, "इथं बघण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले, "काय नाय ओ, साधं गाव हाय." मी थँक्यू म्हणून निघून गेलो. हायवेपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर बारा मोटेची विहीर होती, अठराव्या शतकातली, अष्टकोनी, आत उतरायला जिना आणि कोरीव दगडी खांबांचा चक्क छोटा महाल! नंतर कळलं तेव्हा डोक्याला हात लावला. काका खोटं बोलले नव्हते, त्यांच्यासाठी ती विहीर होती, विहिरीत बघायचं काय? "बघण्यासारखं" म्हटलं की आपल्याकडे देऊळ, धरण नाहीतर किल्ला, चौथं उत्तर मिळत नाही. तेव्हापासून तो प्रश्न मी बंद केलाय, तुम्हीही करा.

मग विचारायचं काय? "इथं काय बनतं?" "बाहेरगावची माणसं इथं काय न्यायला येतात?" आणि म्हातारं माणूस भेटलं तर "पूर्वी इथं काय चालायचं?" उत्तर लगेच येत नाही, माणूस जरा थांबतो, डोकं खाजवतो, शेजारच्याला हाक मारतो. तो शेजारचा येईपर्यंत थांबा, खरी माहिती त्याच्याकडेच असते.

कुणाला विचारायचं हेही महत्त्वाचं. हायवेच्या हॉटेलातल्या वेटरला नको, तो बिचारा स्वतःच कुठूनतरी लांबून आलेला असतो. पंक्चरवाला, पिठाची गिरणी, एसटी स्टँडबाहेरचा चहा, पारावर बसलेले रिटायर्ड गुरुजी, ही माझी माणसं. आणि प्लीज गाडीतूनच काच खाली करून "ओ भाऊ" करू नका. इंजिन बंद करा, उतरा, चहा सांगा, मग मामा-मावशी करत बोला.

अजून एक, प्रश्नात उत्तर घालू नका. "हा रस्ता अमक्या गावाला जातो ना?" म्हटलं की समोरचा मान राखायला "हो" म्हणतो, मी असा एकदा उसाच्या फडात जाऊन थांबलोय आणि रिव्हर्स घेताना बायकोनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. "हा रस्ता कुठं जातो?" एवढंच विचारा. आणि "हे काय, इथंच" म्हणजे अर्धा किलोमीटर ते पाच किलोमीटर, काहीही.

पायरी ४. दिवस बघा. अमावस्येला बरेच कारागीर हत्यार हातात धरत नाहीत. दुपारी एक ते तीन तर जाऊच नका.

पायरी ५. आत गेल्यावर गप्प बसा. मिरजेत चहावाल्याला "काय बनतं" विचारलं तर तो सहज म्हणाला, "तंतुवाद्यं, दुसरं काय." दर्ग्याच्या बाजूला वर माळ्यावर वाळलेले भोपळेच भोपळे टांगलेले, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, त्याचे तंबोरे होतात. पूर्वी तलवारी-भाल्यांना धार लावणारी शिकलगार मंडळी पुढं सतारी करायला लागली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर जवारी लावत होता, म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा) वरचा भाग कणाकणानं घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. सगळं कानावर. तेवढ्यात माझ्या मोबाईलची रिंग वाजली आणि त्यानं जे माझ्याकडं बघितलं ना! मोबाईल सायलेंट, व्हिडिओ विचारून, आणि निघताना काहीतरी विकत घ्या, तारांचा सेट तरी. भाव करू नका.

पायरी ६. उठता उठता त्याच माणसाला पुढचं विचारा. मिरजेच्या त्याच कारागिरानं मला सांगलीजवळ हरिपूरला पाठवलं, हळदीची पेवं बघायला. वरून नुसतं मोकळं रान वाटतं आणि पायाखाली जमिनीत हळद साठवायची खोल पेवं, बाटलीसारखी, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं की पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, काही तास तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही.