टाइप टू वाटलेला सुपरनोव्हा वन-ए निघाला: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नव्या सुपरनोव्हांचे (ताऱ्यांच्या स्फोटांचे) सार्वजनिक वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे तरंगलांबीनुसार आलेख, उतरवून घेतले होते. मे महिना, औशाचं घर, लाइट असेल तेवढंच काम. त्यातल्या एका वर्णपटाने तीन दिवस घेतले.

६६९४ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) या जागी टोकदार रेघ. हायड्रोजन, म्हणजे टाइप टू (हायड्रोजन दिसणारा प्रकार), असं मी धरून चाललो. पण ओळखीच्या सुपरनोव्हांच्या साच्यांशी ताडून पाहणारं सॉफ्टवेअर कधी टू म्हणे, कधी वन-सी (हायड्रोजन, हेलियम न दिसणारा प्रकार), आणि दर वेळी ताम्रसृती (दीर्घिका दूर जाताना रेघा लाल बाजूला सरकण्याचं प्रमाण) वेगळी.

उत्तर रेघेच्या रुंदीत होतं. स्फोटातलं द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरतं, त्यामुळे त्याच्या रेघा पसरट होतात. ही तर सुईसारखी! शेजारी ६७१५ला नायट्रोजनचीही तशीच बारीक रेघ. दोन्ही यजमान दीर्घिकेतल्या, म्हणजे जिच्यात स्फोट झाला तिच्यातल्या, वायूच्या. (टू-एन प्रकारातही अरुंद रेघा असतात, ती शंका मी घेतली होती, पण इथे रेघेखाली रुंद पाया नव्हता.)

मग हायड्रोजनच्या मूळ ६५६३वरून ताम्रसृती ०.०२ काढली, सॉफ्टवेअरमध्ये ती पक्की केली आणि अरुंद रेघा झाकल्या. ६२७३ची दरी (शोषणाची खाच) सरकून ६१५०वर आली. सिलिकॉन, वन-एची खूण! मूळ जागा ६३५५; आपल्याकडे येणाऱ्या द्रव्यामुळे ती निळ्या बाजूला सरकलेली, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ९,७०० किलोमीटर. वन-सीची शंका उरू नये म्हणून ५४००च्या आसपासचा गंधकाचा ‘डब्ल्यू’ शोधला. तोही स्पष्ट दिसला. श्वेतबटूचा (विझलेल्या ताऱ्याच्या घट्ट गाभ्याचा) स्फोट, म्हणजे वन-ए, होता तो. आईला उठवून दाखवला.

आता मी प्रत्येक वर्णपटात आधी दीर्घिकेच्या रेघा शोधतो, साचे नंतर.