पीसीओएस आणि इन्शुलिन रेझिस्टन्स असेल तर रोजच्या ताटात काय बदलायचं

पीसीओएसचा, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याच्या त्रासाचा, रिपोर्ट आला की पहिल्यांदा जो भेटेल तो सांगतो भात बंद, पोळी बंद, दूध बंद. मी पण केलं ते, तीन आठवडे सूप आणि काकडी, आणि चौथ्या आठवड्यात ऑफिसवरून येताना बेकरीत उभ्याउभ्या दोन क्रीमरोल खाल्ले आणि घरी येऊन रडले. म्हणून आधीच सांगते, यासाठी एकच एक ठरलेलं डाएट नाहीये. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही हेच आहे की कुठलाही एक आहार बाकीच्यांपेक्षा सरस ठरलेला नाही, त्यामुळे जे वर्षानुवर्षं खाता येईल तेच निवडायचं.

आत काय होतं ते कळलं की निवड सोपी जाते. रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन म्हणजे इन्शुलिन. पेशी त्याला दाद देत नाहीत (हाच इन्शुलिन रेझिस्टन्स), मग शरीर अजून इन्शुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्शुलिन ओव्हरीला टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) जास्त बनवायला लावतं, त्यातून मग हनुवटीवरचे केस, पिंपल्स, लांबलेली पाळी. आणि मानेमागे जो काळसर जाडसर पट्टा येतो ना, ज्याला आई म्हणते नीट घासून आंघोळ कर, तो मळ नसतो गं, बहुतेक वेळा इन्शुलिनचंच लक्षण असतं.

सुरुवात नाश्त्यापासून करा. आपले पोहे, उपमा सगळा स्टार्च, वर साखरेचा चहा, मग ११ वाजता परत भूक. पोहे सोडू नका, पण निम्मेच घ्या, त्यात मोड आलेली मटकी, मटार, मूठभर शेंगदाणे घाला आणि बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर घट्ट दही. मुगाचं धिरडं तर उत्तमच. रात्री मूग भिजवायचे, सकाळी आलं-मिरची घालून वाटायचे, दहा मिनिटांत होतं.

जेवताना ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ, पिठलं, मासे किंवा पनीर, आणि उरलेल्या पावात भाकरी नाहीतर भात. आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, भाकरी-भात नंतर, एवढ्या क्रमानेसुद्धा जेवणानंतरची साखर कमी चढते. पातळ वरण खाल्लं म्हणजे प्रोटीन झालं असं धरू नका, त्यात डाळ कमी आणि पाणीच जास्त. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, त्यावरून अंदाज घ्या.

उपवासाचं मात्र मला खरंच कळकळीने सांगायचंय. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात बटाटा, वर चिमूटभर साखर, आणि आपण तो रिकाम्या पोटी प्लेट भरून खातो. संकष्टी सोडा असं मी म्हणणार नाही, माझीही असते. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि दही घ्या, भगर खायची तर छोटी वाटी.

गूळ, मध, खजूर नैसर्गिक आहेत म्हणून चालतात हे डोक्यातून काढा, शरीराला ती साखरच. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चाळीसएक ग्रॅम साखर नुसत्या चहातून. मी दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले, महिन्याभरात जीभ सरावली. नाचणी बिस्किटाचं पाकीट उलटून बघा, बऱ्याचदा नाचणीच्या आधी मैदा आणि साखर लिहिलेली असते.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी पाळीत फरक पडू शकतो, म्हणजे ८० किलोच्या बाईला ४ ते ८ किलो. बारीक मुलींनाही इन्शुलिन रेझिस्टन्स असतो, त्यांनी उपाशी राहू नये, ताट तेवढं बदलावं. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चालणं सगळ्यांनाच.

मेटफॉर्मिन (इन्शुलिन रेझिस्टन्ससाठी डॉक्टर देतात ती गोळी) बरेच महिने चालू असेल आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी१२ तपासायला डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आणि स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक अजिबात करू नका, दोन आठवड्यांत कंटाळा येतो. आमच्याकडे आता रविवारी मटकी भिजते, सोमवारी मोड येतात आणि मंगळवारी सगळेच उसळ-भाकरी खातात, सासरे पण.