गोड सोडताना या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की आणि नवं वर्ष लागलं की आमच्या फोंड्यात गोड सोडणाऱ्यांची लाट येते. मी बरीच वर्षं गोडाशिवाय राहते, म्हणून चौकशीला माझ्याकडे येतात. प्रश्न तेच, चुकाही त्याच. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. अशा ठिकाणी कुणी चार दिवस उत्साहाने पथ्य धरून पाचव्या दिवशी सोडून दिलं की मला खरंच वाईट वाटतं.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: नुसतं "गोड बंद" म्हणणं

गोड म्हणजे काय, हे ठरवायचं राहूनच जातं. मग ते पानावर बसल्यावर ठरवावं लागतं, आणि पानावर बसलेल्या माणसाचा निकाल नेहमी वाटीच्या बाजूने लागतो.

माझ्या मावसभावाचं सांगते. चवथीच्या तोंडावर त्याचा एचबीए1सीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला, आकडा वाढलेला. त्याने त्याच दिवशी सगळ्यांना फोन करून गोड सोडल्याचं सांगितलं. मूळ घरी आल्यावर नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट समोर आलं तेव्हा ठामपणे नको म्हणाला, कौतुकही झालं. दुपारी पानावर मणगणं आलं. हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस आणि सढळ हाताने घातलेला गूळ. काकी म्हणाली, "मातशें तरी घे रे पुता, हातूंत साकर ना, गूळ आसा." म्हणजे थोडं तरी घे, यात साखर नाही, गूळ आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि वाटी रिकामी केली. मग पंचखाद्य आलं. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? संध्याकाळी आरतीनंतर खीर. तीही नैवेद्याचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी नेवऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन तो माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मंडपीखाली, बसला होता. "आता मोडलंच आहे, दिवाळीनंतर बघू," म्हणाला. दिवाळीत घरोघरी फोव, म्हणजे पोहे, झाले, नारळाच्या रसातले, दुधातले, गुळातले, आणि ते बघणं पुढच्या वर्षावर गेलं.

मणगण्याने त्याचं पथ्य मोडलं असं मी मानत नाही. प्रत्येक घासाला नवा खटला चालवावा लागला, त्यात तो थकला. त्यातून आठवडाभर आधी सुरुवात, तीही चवथीच्या. असली घाई मला मुळीच पसंत नाही. सुरुवात साध्या, सणावाराशिवायच्या दिवसांत करावी.

माझी पद्धत अशी. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलंय: ज्यात साखर, गूळ, काकवी किंवा मध वरून घातलाय ते गोड. अख्खं फळ गोड नाही, फळाचा रस मात्र गोड. प्रसाद तळहातावर चिमूटभर. वाटीत वाढला की ते पक्वान्न. खाली अपवाद: श्रावणात दोन पातोळ्या. हळदीचं पान उलगडून गरम गरम, बसून, सगळ्यांसमोर खाते. आधी लिहिलेला अपवाद म्हणजे पथ्य मोडणं नव्हे. कागदावर नसलेलं अर्धं बिस्किट मात्र पथ्य मोडणंच, मग ते कितीही लहान असो. तसं झालं तर पुढचं जेवण नेहमीसारखं जेवायचं. प्रायश्चित्त म्हणून उपास करणाऱ्यांना मी संध्याकाळी फरसाणाच्या दुकानात पाहिलेलं आहे.

तुमचा कागद माझ्यासारखा असायची गरज नाही. पण तो असलाच पाहिजे, आणि पंगतीला बसण्याआधी लिहिलेला पाहिजे.

चूक दुसरी: गुळाची पळवाट

हिचा मला मनापासून राग आहे. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी, गुळात सुमारे 380. गुळात थोडे खनिज क्षार असतात हे खरं, पण त्यातला बहुतेक भाग सुक्रोजच, म्हणजे साखरच. माडाचा गूळही तसाच, म्हणून त्यात शिजवलेला दोदोल (हलव्यासारखी मिठाई) "घरचा आहे" या सबबीवर सुटत नाही. जत्रेतलं खाजं आलं-तिळामुळे औषधी होत नाही. मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रस साखरेच्याच हिशेबात धरते. तिचा 2015 चा सल्ला असा की असली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांखाली असावी, जमल्यास 5 टक्क्यांखाली. म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात जेमतेम 25 ग्रॅम.

चूक तिसरी: चहा न मोजणं

चार कप, कपाला दोन चमचे, चमच्याला 5 ग्रॅम. झाले 40 ग्रॅम, आणि माणूस म्हणतो मी मिठाईला शिवत नाही. मी चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करायला सांगते. एका दिवसात बंद करणारे बहुतेक जण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर केळ्याचे बन्स मागवतात.

आणखी काही, थोडक्यात

उन्हाळ्यात उर्राकात (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत) बाटलीबंद लिंबाचं पेय ओतलं जातं, ते गोडच. सोडा आणि ताजं लिंबू घ्या.

सोलकढी चालते, कोकमचं तयार सिरप नाही.

मानकुराद आला की एक आंबा कापून खा. आमरस करू नका. मधुमेह असेल तर किती खायचा ते डॉक्टरांना विचारा.

"शुगर फ्री" बिस्किटात मैदा आणि तूप तेच असतं. वजन कमी करायला कृत्रिम गोडी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय.

"एकवीस दिवसांत सवय सुटते" हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला.

ही चूक जिवावर बेतू शकते

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता काहीही बंद करू नका. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, रक्तातली साखर 70 च्या खाली गेली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. नियम मोडेल म्हणून अशा वेळी साखर नाकारणारी माणसं आहेत. माझ्या कागदावर हा अपवाद सगळ्यात वर, लाल शाईने लिहिलाय, आणि ग्लुकोजची पुडी घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेल्या जागी आहे.