एंटरप्राइज आर्किटेक्चर करताय? जिल्हा बँक अन् सोसायट्यांच्या पसाऱ्यात या चुका टाळा

जिल्हा बँक, तिच्या शाखा, खाली गावोगावच्या सेवा सोसायट्या, सोबत खरेदी-विक्री संघ, गोदामं, कुठं एखादं जिनिंग. आपल्या विदर्भात असा पसारा जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे आणि आता बरेच जण त्याचं एंटरप्राइज आर्किटेक्चर, म्हणजे कामकाज, डेटा, सॉफ्टवेअर अन् मशिनी यांचा मिळून एकच नकाशा, करू म्हणून राहिले. करायलाच पायजे, कारण आजवर जशी गरज पडली तसं एकेक सॉफ्टवेअर घेत गेले अन् आता या टेबलाचं त्या टेबलाला माहीत नसते. पण काम कुठं फसते ते आधीच पाहून घ्या.

फ्रेमवर्क कोणतं, यावरच महिने घालवणं

असा नकाशा करायच्या तयार चौकटींना फ्रेमवर्क म्हणतात. त्यातलं झॅकमन घ्यायचं का टोगॅफ, या वादात मीटिंगवर मीटिंग होते. मुळात दोन्हीचं काम वेगळं आहे. जॉन झॅकमननं 1987 मध्ये मांडलेली ती एक वर्गवारी आहे, आजच्या रूपात काय, कसं, कुठं, कोण, केव्हा, काऊन हे सहा प्रश्न आणि सहा पातळ्या म्हणजे 36 खाने, पण आधी काय करायचं अन् मग काय, हे ती सांगत नाही. क्रम सांगते टोगॅफची एडीएम पद्धत, पूर्वतयारी आणि मग ए ते एच असे आठ टप्पे. आर्किमेट तर फक्त चित्र काढायच्या खुणा. टोगॅफवाले स्वतःच सांगतात की आपल्या संस्थेप्रमाणे पद्धत कापून-छाटून घ्या. तुमची टीम 36 च्या 36 खाने भरत बसली असेल तर आजच थांबवा आणि विचारा, यातून कोणता निर्णय घ्यायचा आहे? उत्तर नसेल तर तो खाना रिकामा राहू द्या.

आधी टेंडर, मग विचार

सर्व्हर अन् सॉफ्टवेअर आधी येते, कामकाज कसं चालते ते नंतर विचारतात. एडीएममध्ये कामकाजाचा टप्पा ‘बी’, डेटा आणि ॲप्लिकेशनचा ‘सी’, टेक्नॉलॉजीचा ‘डी’, हा क्रम उगाच नाही. आणखी एक, सोसायटीच्या सॉफ्टवेअरची निवड आता पूर्ण तुमच्या हातात नाही. केंद्रानं जून 2022 मध्ये 63,000 सोसायट्यांच्या संगणकीकरणाला 2,516 कोटींची मंजुरी दिली, त्यात देशभर एकच सॉफ्टवेअर अन् नाबार्डपर्यंत जोडणी आहे. तुमची सोसायटी त्यात असेल तर ते पक्कं बंधन म्हणून नकाशात पहिल्याच दिवशी लिहा, नाही तर तेच काम दुसऱ्यांदा विकत घ्याल.

डेटाचा मालक न ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक खातेदार घ्या. बाप वारला, वारसाचा फेरफार झाला नाही, सातबारा अजून बापाच्याच नावानं. वावर लहाना पोरगा करते, सोसायटीचा सभासद तो, आधारवर त्याचं नाव पूर्ण, रजिस्टरात नुसतं आद्याक्षर, अन् बँकेच्या बचत खात्यात आडनाव आधी. कॉम्प्युटरसाठी ही तीन माणसं झाली. मग पीक कर्जाची यादी अन् कर्जमाफीची यादी जुळत नाही आणि सोसायटीचं दप्तर सांभाळणारा गटसचिव रात्री उशिरापर्यंत हातानं टिकमार्क करत बसते. गावाचंही तसंच, बोरगाव नावाची गावं किती आहेत ते पाहा. इथं नवीन सॉफ्टवेअर कामाचं नाही. आधी एका पानावर लिहा: सभासदाची नोंद कोणाची, जमिनीची कोणाची, बदल कोण करणार, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. जमिनीची नोंद महसूलची आहे, ती तुमच्याकडं दुरुस्त करूच नका. गावासाठी नाव न वापरता केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा कोड वापरा. आणि हे पान गटसचिवाला दाखवल्याशिवाय पक्कं करू नका भाऊ, खरी गुंतागुंत त्यालाच माहीत असते.

हंगाम न पाहता रोडमॅप

पुण्या-मुंबईच्या कन्सल्टंटनं एप्रिल ते जूनमध्ये सिस्टिम बदलायची तारीख टाकली की समजा, त्याला खरीप माहीत नाही. तेव्हा पीक कर्जवाटप, त्याच्या आधी मार्चची वसुली अन् ताळेबंद. दिवाळीनंतर कापूस अन् तुरीची खरेदी, तेव्हा संघ आणि गोदामं हलवू नका. मेळघाट किंवा गडचिरोलीकडं नेटवर्क जाते, लाइन जाते, तर नेट नसताना नोंद घेऊन नंतर जुळवणारी रचना पायजे आणि ती एका दूरच्या शाखेत भर पावसाळ्यात तपासा, हेड ऑफिसात नाही.

समितीला अधिकार नसणं

आर्किटेक्चर समिती आहे, पण एखादा विभाग परस्पर नवीन ॲप घेते आणि कोणी अडवत नाही, हे लक्षण दिसलं की बाकी सगळं कागदावरच राहते. एडीएमचा ‘जी’ टप्पा, म्हणजे अंमलबजावणीवर देखरेख, याच्यासाठीच आहे. समितीच्या सहीशिवाय खरेदीचं बिल निघणार नाही, असा ठराव संचालक मंडळाकडून करून घ्या, अन् समितीत एक शाखा व्यवस्थापक आणि एक गटसचिव बसवा. एखाद्या विभागाला या नियमातून सवलत द्यायचीच झाली तर ती किती महिन्यांची, ते त्याच ठरावात लिहा.